सत्यवानाने मासे सोडले

गणपती पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी मासेवालीशी चांगलं अर्धा तास भांडून ताजे बांगडे घेतले, तिरफळं घालून त्यांचं हुमण केलं आणि मुलगा जेवायला बसल्यावर त्याच्या ताटात सगळ्यांत मोठा बांगडा वाढला. सत्यवानाने ताट बाजूला सरकवलं.

"माका नको."

"नको म्हणजे? वाईच काटेरी आसा म्हणान? दुसरो वाढू?"

"मासोच नको. मी मासे सोडलंय."

रुक्मिणीबाई मटकन खाली बसल्या. मालवणात माणूस तपकीर सोडतो, नोकरी सोडतो, भावाशी भांडून राहतं घरही सोडतो. त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. पण मासे सोडले म्हणजे तो एक तर अंथरुणाला खिळणार किंवा साधू होऊन हिमालयात जाणार, अशी तिथल्या लोकांची खात्री असते. रुक्मिणीबाईंनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. म्हणजे हिमालयच.

खरं तर मासे सुटून चार महिने होऊन गेले होते. पावसात ताजी मासळी नसतेच. सुक्या बांगड्याच्या वेळी 'पोट बरा नाय' असं सांगून भागलं. श्रावणात सगळा गावच पाळतो, तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. पंचाईत झाली ती गणपती गेल्यावर.

आणि मासे सुटण्याचं कारण होती सुगंधा. सुगंधा म्हणजे सत्यवानाच्या जिवलग मित्राची, भाईची, धाकटी बहीण. सहा वर्षं त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि सहा वर्षांत ते पाच-सहा वेळाच मोकळेपणी बोलले असतील. बाकीचं प्रेम भाईच्या पडवीत चहाचा कप देण्याघेण्यात उरकलं जाई. शेवटचं बोलणं अठ्ठावन्न सालच्या चैत्रात झालं. "तू भाईक कधी विचारतलंस?" असं तिनं दाराआडून विचारलं. त्यावर हा गृहस्थ म्हणाला, "दिवाळीनंतर बघूया." वैशाखात मुंबईचं स्थळ आलं आणि पंधरा दिवसांत लग्न लागलंसुद्धा. लग्नात सत्यवान पंगतीला भात वाढत होता. तो बंदरावर बोटीच्या कचेरीत कारकून असल्यामुळे नवराबायकोला मुंबईची दोन तिकिटंही त्यानंच फाडून दिली. त्या दिवशी घरी येऊन जेवायला बसला आणि त्याच्या घशाखाली मासा उतरेना. त्यानं मासे ठरवून सोडले नव्हते. ते आपोआप सुटले होते.

हे आईला सांगायचं कसं? सुगंधा आता दुसऱ्याच्या घरची झाली होती. तिचं नाव त्याच्या तोंडातून चुकून जरी निसटलं तरी ते पुढच्या बोटीनं मुंबईला पोचलं असतं आणि तिला जन्मभर सासरी मान खाली घालून राहावं लागलं असतं. एवढ्या एका बाबतीत तरी आपण तिच्या उपयोगी पडायचं, असं सत्यवानाने मनाशी पक्कं केलं होतं.

"बोल मा रे! कित्याक सोडलंस?" रुक्मिणीबाई रडकुंडीला आल्या.

"नवस केलंय."

"कसलो?"

"सांगूचो नसता."

रुक्मिणीबाईंनी डोळे पुसले. तीस वर्षांचा, बिनलग्नाचा मुलगा न सांगण्याजोगा नवस कशाचा करणार, हे समजण्याइतक्या त्या हुशार होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, "कोणाक सांगा नको, पण माझ्या झिलान लगीन ठरापर्यंत मासो खावचंय नाय म्हणान नवस केल्यान." शेजारणीनं कोणाला सांगितलं नाही असं ती अजून म्हणते. पण दसऱ्याच्या सुमारास तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून एका उतारूनं सत्यवानालाच विचारलं, "तुमच्या कचेरीत तो नवसाचो कारकून खंयचो ओ? माका बघूचो आसा."

"तो आज रजेर आसा," सत्यवान म्हणाला आणि त्याला तिकीट देऊन मोकळा झाला.

आता 'नवस लग्नाचा नाही' म्हणावं तर 'मग कसला?' हा प्रश्न दारात उभाच होता. तेव्हा त्यानं तोंड मिटून घेतलं. ज्याच्या त्याच्या घरी त्याच्यासाठी वेगळं काळ्या वाटाण्याचं सांबार होऊ लागलं. दीड महिन्यात त्यानं इतके काळे वाटाणे खाल्ले की वाटाणा दिसला तरी त्याला सुगंधाची आठवण येई आणि दोन्ही कारणांनी घास फिरे.

अशात भाईचं बोलावणं आलं. वैशाखापासून भाई ज्याची वाट बघत होता ते इंजिन अखेर मुंबईहून आलं होतं, होडीत बसलं होतं, आणि भाऊबीज झाल्यावर बुधवार बघून भाई ती इंजिनाची होडी पाण्यात घालणार होता. दुपारी साठ माणसांची पार्टी होती. 'पार्टी' हा शब्द भाईच्या मेव्हण्यानं मुंबईहून आणला होता. मेव्हणा म्हणजे शंकरराव, सुगंधाचा नवरा. पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला आला होता.

"तू नाय इलंस तर मी होडी पाण्यात घालूचंय नाय," भाई म्हणाला. भाईचा सत्यवानावर फार जीव होता. त्यामुळे सगळंच अवघड झालं होतं.

किनाऱ्यावर नारळ फुटला आणि भाईचे काका, दाजी, गाऱ्हाण्याला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची. एकदा 'व्हय म्हाराजा' झालं की बोललेलं मागे घेता येत नाही. गाऱ्हाणं घालण्यात दाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. दोष एवढाच की सुरू झाल्यावर दाजींना थांबता येत नसे.

"हे बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान नवी होडी पाण्यात घातल्यान. तिका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या जाळ्यात सदाच मासोळी गावांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हय उभो आसा तो रुक्मिणीचो झील, लगीन ठरापर्यंत मासो शिवाचंय नाय म्हणान बसलो आसा. तेचो नवस लवकर पुरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साठ माणसं ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज शंकररावांचा होता. त्यांना हा प्रकार नवा होता आणि फार आवडला होता. बायकांच्या घोळक्यात सुगंधा उभी होती. तिनं तोंड उघडलं की नाही, ते पाहायचं सत्यवानाला धैर्य झालं नाही.

सगळे भाईच्या घरी परतले तेव्हा सत्यवान माणसं चुकवून मागच्या अंगणात गेला. तिथे मांडलेल्या चुलीवर सुरमईचं हुमण रटरटत होतं आणि एक मुलगी पदर खोचून ते ढवळत होती. ही शेवंती, भाईच्या बायकोची बहीण. खारेपाटणहून खास स्वयंपाकाला आली होती.

"तूच तो नवसाचो?" तिनं मान वर न करता विचारलं.

"व्हय."

"तुझा वाटाण्याचा सांबारा थंय झाकान ठेवलंय. त्येका माशाचो डाव लावूक नाय, भिया नको." मग तिनं वर पाहिलं आणि पाहतच राहिली. "एक सांगू? रागावचंस नाय मा? नवसाचो माणूस माशाच्या टोपाकडे बघता तेवा तेच्या तोंडाक पाणी सुटता. तुझ्या डोळ्यांक सुटलाहा."

"धूर जाता."

"वारो पलीकडे आसा," शेवंती म्हणाली. ती पुन्हा ढवळू लागली. "माझो बापूस खाडयेत बुडान गेलो तेवा आयेन चाय सोडल्यान. आठ वर्सां झाली. बापूस काय परत येवक नाय. आणि चायचा तर कायच वाकडा झाला नाय."

हे तिनं इतक्या सरळ, वैतागलेल्या आवाजात सांगितलं की सत्यवानाला हसू फुटलं. वैशाखानंतरचं ते पहिलं हसू. हसता हसता तो तिच्याकडे बघू लागला. गालाला राख लागलेली, कपाळावर घाम, आणि डोळे असे की बापाचं बोलताना भरले होते आणि तरी हसत होते. आणि त्याच क्षणी, काही सूचना न देता, तो तिच्या प्रेमात पडला.

इतक्या थोड्या वेळात असं होतं का? होतं. पण ज्याला होतं त्याची अवस्था विचारू नका. सत्यवानाला आनंद झालाच नाही. तो घाबरला. सहा वर्षांचं प्रेम, सहा महिन्यांचं दुःख, आणि ते एका हुमणाच्या टोपापुढे डळमळावं? सुगंधाचं त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. होतं ते एवढं दुःखच. तेही आपल्याला नीट सांभाळता येऊ नये, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात सोलकढीचं भांडं न्यायला सुगंधाच मागच्या दारी आली. ती वाळली होती. हातातला हिरवा चुडा सैल झाला होता.

"बरो आसंस?" तिनं विचारलं.

"बरो आसंय. तू?"

"बरी आसंय."

भांडं उचलून ती गेली. शेवंतीनं ढवळणं थांबवलं होतं. ते तिनं पुन्हा सुरू केलं.

मांडवात पुरुषांची पंगत बसली. सत्यवानाच्या एका बाजूला भाई, दुसऱ्या बाजूला शंकरराव. शंकरराव छापखान्यात कामाला होते आणि स्वभावानं अतिशय चांगले होते. त्यांचा राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. सत्यवानाने पुष्कळ शोधून पाहिलं होतं. समोर वाटाण्याचं सांबार आलं. शेवंती सुरमई वाढत वाढत जवळ आली आणि नवसाचा माणूस म्हणून त्याचं पान ओलांडून पुढे जाऊ लागली. तिच्या आईचा आठ वर्षांचा चहा त्याच्या डोक्यात घोळत होताच.

"माका पण वाढ," सत्यवान म्हणाला.

शेवंतीचा डाव हवेतच राहिला. "आणि नवस?"

"फिटलो."

त्याला म्हणायचं होतं, संपला. झालं तेवढं पुरे. पण पंगतीला शब्द ऐकू आला तो 'फिटलो'. लग्न ठरेपर्यंतचा नवस फिटला, म्हणजे लग्न ठरलं. आणि मासा वाढायला समोर उभी कोण, तर भाईची बिनलग्नाची मेव्हणी! पंगतीतल्या तीस माणसांनी एकदा सत्यवानाकडे पाहिलं, एकदा शेवंतीकडे पाहिलं आणि सगळा हिशेब जुळवून टाकला.

"मेल्या!" भाई ओरडला. "माका सुद्धा सांगूक नाय?"

"अरे, तसा न्हय—"

"आता कसाय आसांदे!" दाजी पानावरून उठलेच. तांब्यातलं पाणी हातावर ओतून त्यांनी समुद्राच्या दिशेला हात जोडले. "हे बा देवा म्हाराजा! सकाळी सांगलंव आणि दुपारी पावलंस. सत्यवानान मासो मागल्यान, शेवंतीन वाढल्यान, ह्यां तुझ्याच मर्जीन झाला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दोघांचो संसार सुखाचो होवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

स्वयंपाकघराच्या दारातून रुक्मिणीबाई रडत, हसत, कोणाला तरी ढकलत पुढे येत होत्या. भाईनं शेवंतीकडे पाहिलं. "काय गो? तुझा काय म्हणणा आसा?"

शेवंती लालबुंद झाली होती. तिनं सुरमईचा तुकडा सत्यवानाच्या पानात टाकला. "आदी तेका खावक तर द्या," ती म्हणाली.

मांडवात हशा पिकला. सत्यवानाने सहा महिन्यांनी पहिला घास तोंडात घातला. तो चांगला लागला. फार चांगला लागला. आणि शंकररावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अभिनंदन हो! दाजी, तुमचं गाऱ्हाणं भलतंच जोरदार. आता एक आमच्यासाठीही घाला. मालवणची बायको केली, म्हटलं रोज ताजं कालवण! तर ही करून वाढते फक्कड, पण स्वतः मासळीला हात लावत नाही."

"सुगंधा?" दाजी चकित झाले. "ती तर लहानपणापासून माशाशिवाय जेवूक नाय!"

"लग्न झाल्यापासून खात नाही. माझी आई रोज काळजीनं विचारते. तर म्हणते, नवस केलाय. कसला म्हटलं, तर म्हणते, सांगायचा नसतो."

सत्यवानाच्या घशात घास अडकला. तो खोकला, गुदमरला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "काटो गेलो, काटो!" असा गलका झाला. कोणी सुका भात पुढे केला, कोणी केळं. भाई त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होता.

घालता घालता भाईचा हात थांबला. लग्न झाल्यापासून मासे सोडलेले. नवस. सांगायचा नसतो. भाई काही फार हुशार नव्हता, पण तो इंजिन खोलून जोडणारा माणूस होता. त्यानं सत्यवानाच्या तोंडाकडे पाहिलं. मग सोलकढीचं भांडं हातात धरून पंगतीच्या टोकाला उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. दारात रुक्मिणीबाईही रडायच्या थांबल्या होत्या. अजून एक शब्द कोणी बोललं असतं, तर जे नाव सत्यवानाने सहा महिने पोटात ठेवलं होतं ते साठ माणसांपुढे उघड्यावर आलं असतं. आणि त्याला खोकल्यामुळे बोलताही येत नव्हतं.

सुगंधानं भांडं खाली ठेवलं. शांतपणे चालत ती भाईच्या पानापाशी आली.

"माझो नवस तुझ्या होडयेचो होतो," ती म्हणाली. "भाईची इंजिनाची होडी पाण्यात जायत तवसर मासो खावचंय नाय, असा बोललंय. आज गेली मा होडी? फिटलो माझो पण नवस. वाढ गो शेवंती."

 मग भाईनं जो हंबरडा फोडला तो बंदरापर्यंत ऐकू गेला असेल. "माझ्या होडयेसाठी! माझ्या बहिणीन! सहा म्हयने!" त्यानं तिचा हात ओढून तिला आपल्याशेजारी पुरुषांच्या पंगतीत बसवलं, आपल्या पानातला सुरमईचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हातानं तिला भरवला. सुगंधानं तो खाल्ला. कोणाकडेच न पाहता, नीट चावून खाल्ला. शंकरराव आनंदानं टाळ्या वाजवत होते. आईला आजच पत्र टाकतो म्हणाले. भाईनं दुसरा तुकडा भरवला. तिनं तोही खाल्ला.

दाजींनी पुन्हा हात धुतले. "हे बा देवा म्हाराजा! भैणीचो नवस भावाक फळलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव ओरडला. सत्यवानालाही म्हणावं लागलं. तो म्हणाला, पण आवाज फुटला नाही, आणि तो काट्यामुळे फुटला नाही असं सगळे धरून चालले.

पंगत उठल्यावर तो मागच्या अंगणात हात धुवायला गेला. शेवंती तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातावर पाणी ओतू लागली.

"काटो खरोच गेलेलो?"

"नाय."

"माका वाटलाच." तिनं थोडं पाणी ओतलं. "दाजींचा गाऱ्हाणा झाला म्हणान माका लगेच जबाब नको. चार म्हयने जावंदेत. तुका हसूक येता, ता मी बघलंय."

सत्यवानाने मान डोलावली. त्याला तिच्याकडे बघावंसं वाटत होतं आणि बघवत नव्हतं.

आतून बायकांच्या पंगतीचा गलबला ऐकू येत होता. शेवंतीनं एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिका सुरमई आवडता?"

"नाय," सत्यवान म्हणाला. "कधीच आवडूक नाय. तिका पेडवे आवडतत."

"तरी दोन तुकडे खाल्ल्यान," शेवंती म्हणाली.

तांब्या रिकामा झाला होता. ती विहिरीवर गेली, दुसरा भरून घेऊन आली आणि बायका हात धुवायला बाहेर यायच्या आत तिनं त्याला तोंडही धुवायला लावलं.